गाडी भरून बघा

शोरूममधली मोटारसायकल नेहमी रिकामी असते. टाकीत लिटरभर पेट्रोल, मागच्या सीटवर कुणी नाही, सामान नाही, खाली सपाट कोरडी फरशी. आपण जी गाडी घेऊन कोकणात, हंपीला किंवा स्पितीला जाणार असतो, ती मात्र एक दिवसही अशी नसते. तिच्यावर दोन माणसं असतात, दोन्ही बाजूंना पेट्या, मागे बॅग, टाकी काठोकाठ आणि चाकाखाली घाटातला ओला उतार. म्हणून कुणी विचारलं, ‘टूरिंगसाठी कुठली घेऊ?’ तर मी आधी एवढंच सांगतो की गाडी भरून बघा. भरलेली गाडी ज्याला झेपते, त्याची निवड चुकत नाही.

माझं गॅरेज कराडला. पुणे-बंगळूर महामार्ग आमच्या गावावरून जातो आणि गुहागर-विजापूर रस्ताही. त्यामुळे गोव्याला निघालेले, कुंभार्ली उतरून चिपळूणला चाललेले किंवा परतताना काहीतरी तुटलं म्हणून थांबलेले, असे सगळे प्रवासी आमच्या दारात येतात. गाडी कुठून आली, कशी चालवली, किती लादली, हे नंबरप्लेट आणि मडगार्डकडे बघून कळतं. पुढे लिहिलंय ते या दारात उभं राहून दिसलेलं आहे.

मध्यम आकाराची गाडी म्हणजे आपल्याकडे साधारण अडीचशे सीसीपासून साडेसहाशेपर्यंत. ही रेघ आता सरकारनेही मारली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि त्यावरच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. आधी उपकर धरून तो ३१ होता. म्हणजे ३४९ सीसीची गाडी स्वस्त झाली आणि ४५० किंवा ६५०ची महाग. दोन गाड्यांच्या किमतीतलं अंतर आता मोठं आहे, आणि टूरिंगचं सगळं सामान या अंतरात सहज बसतं. हा हिशेब डोक्यात ठेवूनच पुढे वाचा.

आता रस्ता. महाराष्ट्रात दुचाकीवाल्याला कुठले रस्ते मिळतात, याचा विचार गाडी घेताना फार कमी लोक करतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आपल्याला बंदी, समृद्धी महामार्गावर बंदी, अटल सेतूवर बंदी. ताशी दीडशेने तासन् तास जायचा रस्ता आपल्या वाट्याला येतच नाही. येतात ते जुने महामार्ग, राज्यमार्ग आणि घाट. कुंभार्ली, आंबा, वरंधा, आंबेनळी, आंबोली. कोकणात उतरलं की सागरी मार्गाचे वळणावळणाचे तुकडे, मध्येच खाडी आणि खाडीवर गाड्या पलीकडे नेणारा जंगर. पुणे-बंगळूर महामार्गावरसुद्धा ट्रक, ट्रॅक्टर आणि उसाच्या गाड्या धरून ऐंशी-नव्वदच्या वर शहाण्या माणसाने जाऊ नये. मग सर्वाधिक वेग आणि सर्वाधिक अश्वशक्ती या आकड्यांवर गाडी का निवडायची?

घाटात उपयोगी पडतं ते पुलिंग, म्हणजे टॉर्क. आणि त्यातही तो किती फेऱ्यांवर मिळतो, ही गोष्ट आकड्याइतकीच महत्त्वाची. रॉयल एनफिल्डची मीटिअर ३५० घ्या. ताकद जेमतेम २० अश्वशक्ती, पण २७ न्यूटन-मीटर टॉर्क चार हजार फेऱ्यांवर मिळतो. होंडाची हायनेस सीबी ३५० तर ३० न्यूटन-मीटर तीन हजारांवरच देते. डबलसीट, सामानासकट, घाटाच्या आखूड वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये वेग पंचवीसवर आला तरी अशी गाडी न धडधडता वर निघते. याउलट सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स ही २४९ सीसीची गाडी साडेसव्वीस अश्वशक्तीची आहे, कागदावर मीटिअरपेक्षा पुढे. पण तिचा २२ न्यूटन-मीटर टॉर्क सात हजारांच्या वर पोचतो. एकट्या माणसाला ती फार छान, हलकी, चपळ. दोघांना सामान घेऊन चढावर जायचं असेल तर सारखे गिअर पाडायची तयारी हवी. रॉयल एनफिल्डच्याच हिमालयन ४५० मध्ये ४० न्यूटन-मीटर साडेपाच हजारांवर आणि ४० अश्वशक्ती आठ हजारांवर. तीन हजारांच्या खाली ती जरा अंग चोरते, वर गेली की भरलेल्या गाडीला ओव्हरटेक करायला कधी कमी पडत नाही. ट्रायम्फची स्क्रॅम्बलर ४०० एक्स आणि केटीएमची ३९० ॲडव्हेंचर, दोन्ही आपल्या चाकणला बजाजकडे बनतात. इंजिनं जोरकस, वरच्या फेऱ्यांवर खुलणारी. ज्याला गाडी चालवण्यातच आनंद आहे आणि जो बहुतेक एकटाच जातो, त्याच्यासाठी.

टेस्ट राइड घेताना म्हणून मोकळ्या रस्त्यावर पिळून बघू नका. मागे माणूस बसवा, चढ शोधा, चढावर गाडी पूर्ण थांबवा आणि पुन्हा उचला. क्लच किती वेळ घसरवावा लागतो, ते बघा. गाडीचा खरा स्वभाव तिथे कळतो.

वजन आणि उंचीवर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण पडलेल्या गाड्या मी जास्त बघतो आणि त्या वेगात पडलेल्या नसतात. उभ्या-उभ्या पडलेल्या असतात. वाकलेला ब्रेक लिव्हर, मोडलेला इंडिकेटर, चेपलेली पेटी. धोपाव्याहून दाभोळला जाणारा जंगर डोळ्यांसमोर आणा. जेटीचा ओला, शेवाळलेला उतार, पुढे लोखंडी फळी, मागे गाड्यांची रांग आणि जंगरवाला हात करतोय, ‘या, या, पुढं या.’ तिथे वेग शून्य आहे आणि तुमचा एकच पाय जमिनीला टेकतोय. हिमालयनचं पेट्रोलसकट वजन १९६ किलो. पेट्या आणि सामान धरून ती सव्वादोनशेच्या पुढे गेली. मीटिअर १९१ किलोची, म्हणजे कागदावर फार फरक नाही. पण तिची सीट जमिनीपासून ७६५ मिलिमीटरवर आहे आणि हिमालयनची ८२५वर. हे साठ मिलिमीटर म्हणजे तळपाय सपाट टेकणं आणि फक्त चवडा टेकणं यातला फरक. सुपर मीटिअर ६५० मध्ये सीट ७४० वर, पण वजन २४१ किलो. पाय पक्का टेकतो, मात्र जांभ्याच्या निसरड्या उतारावर ती एकदा कलली की सावरायला अंगात जोर पाहिजे.

नुसत्या मिलिमीटरच्या आकड्यावरही जाऊ नका. सीट पुढच्या बाजूला रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय कमी पोचतो. निमुळती असेल तर तीच उंची चालून जाते. तुम्ही बसल्यावर स्प्रिंग किती दबते, त्यावरही दोन बोटांचा फरक पडतो. म्हणून प्रवासात घालायचे बूट घालून शोरूमला जा. चपलेवर बसून उंची ठरवू नका. गाडी साइड स्टँडवरून सरळ करा, उतरून हँडल धरून दहा पावलं मागे ढकला. ज्याला ही दहा पावलं जड जातात, त्याला जंगरवर ती गाडी नकोशी होणार. हिमालयनला कमी उंचीची सीट मिळते, इतर काही गाड्यांनाही मिळते. आधी त्या सीटसकट बसून बघा, मग बुक करा. स्प्रिंग आणि लिंक बदलून गाडी खाली करून घ्यायला माझ्याकडे लोक येतात, मी शक्यतो परत पाठवतो. गाडी खाली आली की वळणावर पाय-रेस्ट लवकर घासतो आणि सस्पेंशनचा सगळा तोल बिघडतो.

विट्याचं एक तरुण जोडपं आमच्याकडे आलं होतं. मुलगा शिक्षक, उंच, त्याच्या मनात ॲडव्हेंचर गाडी पक्की बसलेली. दुरुस्तीला आलेली तशीच एक गाडी दारात उभी होती, मालकाला विचारून त्यांना बसून बघायला दिली.

“काका, हीच घेतोय. फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं होतं,” तो म्हणाला.

मी म्हटलं, “तू नंतर बस. ताई, तुम्ही आधी मागं बसून बघा.”

तिने दोनदा प्रयत्न केला. मागे टॉप बॉक्स, बाजूला पेट्या; पाय टाकायला जागाच नाही. शेवटी ती डाव्या पाय-रेस्टवर उभी राहून चढली, आणि तिचं सगळं वजन एका बाजूला येताच गाडी कलली. तो दोन्ही पायांनी सावरत होता.

“काका, दिवसातून दहा वेळा असं चढायचं-उतरायचं का?” ती म्हणाली. तिचा प्रश्न बरोबर होता. चहाला, पंपावर, फोटोला, जंगरवर, प्रत्येक थांब्यावर हेच होणार. त्यांनी पुढे महिनाभर बघून साडेतीनशेची गाडी घेतली, टॉप बॉक्स न लावता बाजूच्या बॅगा लावल्या. मागच्या प्रवासात दोघं दारात थांबली तेव्हा गणपतीपुळ्याहून येत होती आणि बोलणं तिचंच जास्त चाललं होतं.

मागच्या माणसाचं बसणं गाडीवाले शेवटी बघतात. मी म्हणतो, डबलसीट जाणार असाल तर निर्णयातला निम्मा हक्क मागच्या माणसाचा. सीटची जाडी, पाय-रेस्टची उंची, धरायला पक्का आधार, पाठीला टेकू. मीटिअरच्या सुपरनोव्हा मॉडेलला वाऱ्याची काच आणि मागे बॅकरेस्ट कंपनीकडूनच येते, ही फार कामाची गोष्ट आहे. साडी नेसून एका बाजूला बसणं पेट्या लावलेल्या गाडीवर होत नाही आणि लांबच्या प्रवासात ते करूही नये. घरात हे आधीच बोलून घ्यावं.

आता लादण्याचं. प्रत्येक गाडीच्या पुस्तकात तिचं कमाल एकूण वजन लिहिलेलं असतं. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की जे उरतं, तेवढंच तुम्ही वर ठेवू शकता. हा आकडा जाहिरातीत नसतो, सेल्समनलाही बहुधा पाठ नसतो. तुमचा हिशेब मांडा: ऐंशी किलोचा माणूस, साठ किलोची बायको, दोघांची हेल्मेटं, बूट आणि जाकिटं मिळून दहा, रिकाम्या पेट्या आणि त्यांची फ्रेम पंधरा, आतलं सामान पंचवीस. झाले एकशे नव्वद. बऱ्याच गाड्यांची मर्यादा इथेच संपते, काहींची याच्या आधी. लोक पुस्तक उघडत नाहीत आणि मग चाकाचे स्पोक सैल होतात, मागचा शॉक तेल गाळायला लागतो, वेल्डिंगच्या जागी कॅरिअरला चीर जाते.

डबलसीट सामान चढलं की मागची बाजू बसते आणि पुढचं चाक हलकं होतं. हँडल सैलसर वाटतं, वळणावर गाडी बाहेर जाऊ बघते आणि रात्री तुमच्या हेडलाइटचा झोत समोरच्या एसटी ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो. उपाय सोपा आहे: मागच्या स्प्रिंगचा ताण वाढवा. मीटिअरच्या मागच्या शॉकना त्यासाठी सहा पायऱ्या आहेत, पाना लावून पाच मिनिटांत होतं. मागच्या चाकाची हवाही डबलसीटसाठी पुस्तकात वेगळी दिलेली असते. गाडी घेताना विचारा की हा ताण बदलता येतो का आणि तुमच्या हाताने येतो का. ज्या गाडीत त्यासाठी निम्मी गाडी खोलावी लागते, ती टूरिंगसाठी अडचणीची.

‘टूरिंगसाठी सज्ज’ गाडी ही आपल्याकडे तशी अलीकडची गोष्ट. आमच्या तरुणपणी बुलेट नाहीतर येझदी, आणि तिच्यावर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेलं कॅरिअर. २०१६ साली पहिली ४११ सीसीची हिमालयन आली, ती सामान अडकवायच्या जागा कंपनीतूनच घेऊन. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिच्या जागी ४५२ सीसीची, पाण्याने थंड होणारी नवी हिमालयन आली. आता बहुतेक कंपन्या आपापल्या पेट्या, लेगगार्ड, हात झाकणारे गार्ड आणि काच विकतात. माझं मत स्पष्ट आहे: फ्रेम कंपनीची घ्या, बॅग कुठलीही घ्या. फ्रेम चॅसीच्या ठरलेल्या बोल्टवर बसते, ती चेपली तरी चॅसी वाचते. बाहेरची स्वस्त फ्रेम इंडिकेटरच्या नाहीतर मडगार्डच्या बोल्टवर लटकवलेली मी बघितली आहे.

ॲल्युमिनियमच्या पेट्या दिसायला रुबाबदार आणि कुलूप लागणाऱ्या. पण त्या जड असतात आणि गाडी हँडलपेक्षा रुंद करतात. गुहागरकडच्या एकेरी रस्त्यावर समोरून एसटी आली की त्या रुंदीचा अंदाज चुकतो. शिवाय गाडी पडली आणि पाय पेटीखाली सापडला तर घोटा जातो. आपल्या चार-पाच दिवसांच्या प्रवासाला मऊ बाजूच्या बॅगा पुरतात; आत पाणी न जाणारी पिशवी असली म्हणजे झालं, आणि सायलेन्सरच्या बाजूला पत्र्याची आड असली पाहिजे, नाहीतर बॅग वितळते. जड वस्तू खाली आणि पुढे, म्हणजे हत्यारं, पाणी, कुलूप. टॉप बॉक्समध्ये रेनकोट आणि खाऊ. तो मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे लोंबतो. त्यात दहा किलो भरले की नव्वदच्या वेगाला हँडल थरथरायला लागतं. किती किलो चालतात ते बॉक्सच्या प्लेटवर लिहिलेलं असतं, ते वाचा.

टायरच्या बाबतीत मी हट्टी आहे. ट्यूबलेसच. खिळा गेला तर हवा हळू उतरते, चाक न काढता चिकट स्ट्रिप घालून छोट्या पंपाने हवा भरली की दहा मिनिटांत निघता. ट्यूबचं चाक पंक्चर झालं की एकदम बसतं आणि वेगात असाल तर गाडी डुलते. मग पावसात चाक काढा, टायर उचका, ट्यूब शोधा. पाटणच्या पुढे हे रात्री करणं सोपं नाही. खडकाळ रस्त्याला तारेचं चाक जास्त सोसतं हे खरं, म्हणून हिमालयनसारख्या गाडीला तारेची चाकं असतात. सुरुवातीला तिला ट्यूबच होती, नंतर ट्यूबलेस तारेच्या चाकांचा पर्याय आला. तो घ्या, पैसे जास्त गेले तरी. मीटिअरच्या बहुतेक मॉडेलना मिश्रधातूची ट्यूबलेस चाकं आहेत, आपल्या डांबरी रस्त्याला ती उत्तम.

टाकीवर फार वेळ नको. मनाली-लेह वाटेवर टांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध आहे. तिकडे जायचं तर हिमालयनची १७ लिटरची टाकी आधार वाटते. महाराष्ट्रात १३ लिटरही पुरतात. एवढंच बघा की भरलेल्या गाडीचं ॲव्हरेज रिकाम्यापेक्षा कमी येतं.

मेन स्टँडबद्दल मात्र सांगितलंच पाहिजे. पावसातल्या प्रवासात रोज रात्री चेन पुसून तेल लावावं लागतं आणि त्यासाठी मागचं चाक अधांतरी फिरलं पाहिजे. मीटिअर आणि हिमालयनला मेन स्टँड येतो. बऱ्याच देखण्या ॲडव्हेंचर गाड्यांना येत नाही, किंवा वेगळे पैसे देऊन घ्यावा लागतो. दारात येणाऱ्या टूरच्या गाड्यांत सुकून गंजलेली चेन ही सगळ्यात नेहमीची तक्रार, आणि तिचं मूळ बहुतेक वेळा हेच.

तर मग कुठली? वर्षातून तीन-चार वेळा दोघांनी कोकण, गोवा, कधी हंपी करायचं असेल तर साडेतीनशेचीच घ्या, मीटिअर किंवा होंडा, आणि करातून वाचलेल्या पैशांत फ्रेम, बॅगा, काच, लेगगार्ड, चांगलं हेल्मेट आणि जाकीट घ्या. या गाड्यांचं काम तालुक्याच्या गावीही होतं. एकट्याने स्पिती-लडाख करायचं मनात असेल आणि उंची साडेपाच फुटांच्या पुढे असेल तर हिमालयन ४५०. महामार्गावर लांब पल्ले मारायचे आणि अंगात जोर आहे, तर रॉयल एनफिल्डच्या ६५० चं जोड-सिलिंडर इंजिन. इतकं शांत, न थरथरणारं इंजिन या किमतीत दुसरं नाही. पण भरलेली ६५० घाटात उतारावर ब्रेक फार खाते. उतारावर गिअर पाडून इंजिनाने वेग धरायचा, ब्रेक मध्ये-मध्ये दाबून सोडायचा. सतत दाबून ठेवला तर ब्रेक ऑइल उकळतं आणि लिव्हर पोकळ लागतो. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं.

गाडी घेतल्यावर लगेच लांब जाऊ नका. पहिली सर्व्हिस होऊ द्या. मग सगळं सामान भरा, मागच्या माणसाला घ्या आणि एका घाटापर्यंत जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर फिरून या. आमच्याकडून कोयनानगर बरं पडतं. परत आल्यावर फ्रेमचा प्रत्येक बोल्ट पान्याने आवळून बघा. नव्या फ्रेमचे दोन-तीन तरी सैल झालेले सापडतात. तिथे थ्रेडलॉकचा थेंब टाका, स्प्रिंगचा ताण आणि टायरची हवा कितीवर बरी वाटली ते वहीत लिहून ठेवा, आणि हत्यारांच्या पिशवीत क्लचची एक जादा केबल टाका.